नजर पैसेवारी

आमच्या महसूल खात्यात ‘नजर पैसेवारी’ असा एक शब्द आहे. खरिपाचं पीक उभं असताना सप्टेंबरअखेरपर्यंत शिवारात फिरायचं, पिकावर नजर टाकायची आणि यंदा रुपयातले किती पैसे पीक हाती येईल ते ठरवायचं. ऑक्टोबरअखेर सुधारित पैसेवारी निघते, कापणीचे प्रयोग उरकले की डिसेंबरात अंतिम. ५० पैशांच्या खाली गेलं तर गाव टंचाईच्या सवलतींना पात्र ठरतं, वर राहिलं तर नाही.

१९९१ साली तलाठी म्हणून लागले तेव्हा हा शब्द मला इतर शब्दांसारखाच वाटला होता. पंचवीस वर्षं तलाठी आणि पुढे मंडळ अधिकारी म्हणून काम करून आता घरी बसल्यावर वाटतं, माझ्या नोकरीत मी काय चुकले आणि काय शिकले ते सगळं त्या ‘नजर’ शब्दात आहे. जे डोळ्यांपुढे असतं त्याला न्याय मिळतो, कधी त्याच्या वाट्यापेक्षा जास्तही मिळतं. जे डोळ्यांपुढे नसतं त्याच्याबाबतीत लेखणी सहज घसरते, आणि ती घसरताना आपण काही खोटं करतोय असं वाटतसुद्धा नाही.

माझे वडील मांजरेच्या खोऱ्यातले कोरडवाहू शेतकरी. मी लहान असताना ते एका सातबाऱ्यासाठी तीन वेळा चालत चावडीवर गेले होते. तिसऱ्या खेपेला मीही बरोबर होते. तलाठी भाऊसाहेब आले नव्हते. वडील चावडीसमोरच्या लिंबाखाली टोपी गुडघ्यावर ठेवून दुपारभर बसून राहिले. ती गुडघ्यावरची टोपी माझ्या मनातून कधीच गेली नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका माणसानं माझ्या दप्तराखाली घडी घातलेल्या नोटा सरकवल्या, तेव्हा मला कायद्याचं कलम आठवलं नाही, नोकरी जाईल ही भीतीही वाटली नाही. टोपी दिसली. मी नोटा परत केल्या आणि त्या दिवसापासून स्वतःला प्रामाणिक समजू लागले.

त्या समजुतीनंच मला पुढे फसवलं. रोख पैसे मी कधी घेतले नाहीत. पण सुगीच्या दिवसांत कुणी हुरडा आणायचं, कुणी पायलीभर तूर, कुणी ज्वारीचं पोतं दारात उतरवायचं. “लेकीच्या घरी देतो तसंच दिलंय, नाही म्हणू नका,” असं म्हटल्यावर मला त्यात माया दिसायची. नोट बघितली की टोपी दिसे, पोतं बघितलं की माहेर दिसे. वस्तू बदलली की मनातलं चित्र बदलायचं, आणि चित्र बदललं की माझा निर्णयही.

असंच एक पोतं ज्या घरून आलं होतं, त्या घरचा कर्ता पुढच्या वर्षी वारला. दोन मुलगे वारसनोंदीसाठी आले. अर्जात दोघांचीच नावं होती. बहीण असल्याचं अख्ख्या गावाला ठाऊक होतं, मलाही होतं. मी विचारलं. मोठा म्हणाला, “तिला काय नको म्हणाली ती.” हक्कसोडपत्र नव्हतं, तिचा जबाब नव्हता. दोघे भाऊ समोर बसले होते, डोकी नुकतीच भादरलेली, डोळे सुजलेले. मी फेरफार लिहिला. नोटिशीची मुदत गेली, हरकत आली नाही, कारण जिला हरकत घ्यायची होती तिच्यापर्यंत नोटीस पोचलीच नव्हती. नोंद मंजूर झाली.

दोन वर्षांनी ती आली. कडेवर मूल, कपाळ मोकळं. “माझं नाव हाय का वो त्यात?” एवढंच तिनं विचारलं. मी फेरफार रजिस्टरचं पान काढलं आणि माझंच अक्षर माझ्यापुढे आलं. प्रांत साहेबांकडे अपील करावं लागलं. माझी चूक मी लेखी कबूल केली, तिचं नाव लागलं, पण त्यासाठी तिला सव्वा वर्ष हेलपाटे घालावे लागले. तारखेला ती तहसील कचेरीच्या ओट्यावर बसलेली दिसे, तेव्हा मला लिंबाखालचे माझे वडील दिसत. मला ज्यानं लाचेपासून वाचवलं होतं त्याच चित्रात मी दुसऱ्याला नेऊन बसवलं होतं. आणि त्या घरच्या ज्वारीच्या भाकरी मी खाल्ल्या होत्या.

त्यानंतर धान्य घेणं बंद केलं. प्रत्येक वारसनोंदीला पहिला प्रश्न “लेकी किती? कुठं दिल्यात?” हा असे. उत्तर वहीत लिहून घ्यायचे आणि नोटीस लेकीच्या सासरच्या गावी पोचली की नाही याची खात्री करायचे. आईबापांच्या जमिनीत मुलीचा वाटा असतो हे मला आधी ठाऊक नव्हतं असं नाही. १९५६ च्या वारसा कायद्यापासून ती वारस आहे आणि महाराष्ट्रानं १९९४ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलाच्या बरोबरीनं हक्क दिला. कायदा पाठ होता. त्या दिवशी बहिणीचा चेहरा मात्र डोळ्यांपुढे नव्हता, आणि नुसता पाठ असलेला कायदा समोर बसलेल्या दोन रडक्या माणसांपुढे टिकत नाही.

चेहरा समोर असूनही चुकता येतं हे मला त्याआधीच कळायला हवं होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जनाची रात्र संपत होती. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. आम्हा तलाठ्यांना पंचनाम्यांसाठी त्या भागात पाठवलं गेलं. तिथं काय पाहिलं ते सगळं मला अजून लिहिता येत नाही. एका कडेच्या गावात, जिथं घरं उभी होती पण तडकली होती, तिथला एक प्रसंग मात्र सांगायला हवा.

एका माणसानं मला भिंतीतली भेग दाखवली. खोल होती, हात आत जाईल एवढी. चार दिवसांत भेगा वाचायला मी शिकले होते. जुन्या भेगेत धूळ आणि जळमटं असतात, धक्क्यानं पडलेली भेग वाकडीतिकडी, दगडांच्या सांध्यांमधून जाते. ही भेग मधोमध रुंद केलेली होती आणि दगडावर पहारीचे पांढरे ओरखडे होते. मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “म्याडम, माझा भाऊ तिकडं गेला. त्याची बायको, दोन लेकरं माझ्याकडं आलीत.” मी घर ‘मोठे नुकसान’ असं लिहिलं.

पुष्कळ वर्षं मी हा प्रसंग माझ्या चांगुलपणाच्या खात्यावर मांडत होते. हळूहळू तो वेगळा दिसू लागला. त्या माणसाची गरज खरी होती, मला आलेलं रडू खरं होतं, फक्त भिंतीबद्दल मी जे लिहिलं ते खोटं होतं. भावाच्या विधवेचा आणि लेकरांचा वेगळा अर्ज होता, त्यासाठी वेगळी मदत होती. तो अर्ज भरून द्यायला मला अर्धा तास पुरला असता. त्याऐवजी मी एका शब्दात मोकळी झाले आणि माझं मन हलकं करून पुढच्या घरी गेले. दया आली तेव्हा तिनं मला विचारलं होतं, ‘या माणसाला काय लागतंय?’ मी घाईनं उत्तर दिलं ते ‘मला आत्ता कशानं बरं वाटेल’ या प्रश्नाचं.

नोकरीतलं खरं वळण मार्च २०१४ मध्ये आलं. फेब्रुवारी-मार्चात मराठवाड्यात, विदर्भात, उत्तर महाराष्ट्रात गारपिटीनं रब्बी झोपवली. माझ्या सजेतल्या गावांतही दोन वेळा गारा पडल्या. झाडांखाली पोपटांचा, कावळ्यांचा सडा पडला होता. काढणीला आलेली ज्वारी लोळली होती, हरभऱ्याचे घाटे फुटून दाणे मातीत मिसळले होते. त्या वेळी ५० टक्क्यांहून जास्त नुकसान झालं तरच मदत मिळे. ती अट ३३ टक्क्यांवर पुढच्या वर्षी आली. वरून निरोप होता, दोन दिवसांत याद्या द्या.

मी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक असे तिघं निघालो. सडकेकडेच्या शेतांपासून सुरुवात केली. पहिल्याच बांधावर एक म्हातारी उभी होती. तिनं काही मागितलं नाही. हरभऱ्याचं एक झाड उपटून माझ्या हातात दिलं आणि पदर तोंडाला लावला. तिच्या रानाचा खालचा निम्मा तुकडा गेला होता, वरचा बराच वाचला होता. मी ८० टक्के लिहिले. पुढच्या शेतातही तसंच. प्रत्येक बांधावर माणसं, प्रत्येकाच्या हातात काहीतरी मोडलेलं. दुसऱ्या दिवशी अंधार पडला तेव्हा ओढ्यापलीकडची माळावरची वस्ती राहिली होती. सात खातेदार. ओढ्याला पाणी होतं, गाडी जात नव्हती. चावडीत दिव्याखाली बसून मी कोतवालाला विचारलं, “तिकडं कसं आहे?” तो म्हणाला, “हाय, पर इकडच्यावानी नसंल.” मी सातही नावांपुढे ४५ लिहिले. तिघांनी सह्या केल्या.

४५ लिहिताना माझा हात थरथरला नाही. सडकेकडच्या एकेका शेतात आकडा लिहिताना जीव तुटत होता, आणि इथे सात घरांना शून्य मदत मिळेल असा आकडा मी एका दमात लिहून टाकला. तेव्हा मनात एकही चित्र नव्हतं, ना शेताचं, ना माणसाचं. आकडा सरळ रेषेसारखा खाली उतरला.

तीन आठवड्यांनी वस्तीवरचा एक माणूस आला. भांडला नाही. “एकदा बघून तरी जावा,” म्हणाला. मी त्याच्याबरोबर चालत गेले. ओढा तोवर आटला होता. माळावर आडोसा नसल्यानं गारांचा मार तिथं सगळ्यात जास्त बसला होता. ज्वारीची कणसं काळी पडून कुजली होती, एका गोठ्याच्या पत्र्याची चाळण झाली होती. शेताच्या कडेला उभी राहून मी मनातल्या मनात माझी यादी वाचली आणि मला माझ्या अक्षराची लाज वाटली.

तहसीलदारांना मी अहवाल दिला, त्यात ‘प्रत्यक्ष स्थळपाहणी केली नव्हती’ हे वाक्य लिहिलं. कारणे दाखवा नोटीस मिळाली, ती मिळणं योग्यच होतं. पुरवणी यादीत सातांपैकी पाच नावं बसली. दोन राहिली. ती दोन नावं मला आजही गट नंबरासकट पाठ आहेत.

तेव्हापासून मी माझ्या रागाकडेही त्याच नजरेनं बघू लागले. एका गावात एक जण चोरून दारू विकायचा. त्याच्यापायी बुडालेली घरं मी पाहिली होती. अतिवृष्टीच्या पंचनाम्यात त्याच्या तुरीत गुडघाभर पाणी होतं आणि मी २५ लिहायला लागले. जवळचे कोतवालमामा हळूच म्हणाले, “म्याडम, दारू त्यो इकतो. तुरीनं काय केलंय?” मी थांबले. तुरीकडे बघत असतानाही मला ती दिसत नव्हती, दिसत होती त्याच्या गुत्त्यासमोर पडलेली माणसं. मी पुन्हा बांधावरून आत गेले, चिखलात उतरले, झाडं उपटून मुळं पाहिली. मुळं सडली होती. ६० लिहिले. दारूबद्दल पोलिसांना स्वतंत्र पत्र दिलं. आपला राग न्यायाचा आहे असं वाटत असतं तेव्हाच तो दुसऱ्याच कागदावर जाऊन उतरतो, हे मी त्या चिखलात शिकले.

माझी भाची पुण्यात मानसशास्त्र शिकते. मी हे सगळं तिला सांगितलं तेव्हा तिनं मला एक संशोधन समजावून दिलं. एलिनॉर अमित आणि जोशुआ ग्रीन या दोघांनी २०१२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. पुष्कळांना वाचवायचं तर एकाला इजा करावी लागेल, अशा पेचाचे प्रश्न त्यांनी लोकांना दिले. जी माणसं शब्दांपेक्षा चित्रांत विचार करतात ती त्या एकाला इजा करायला जास्त नकार देतात असं आढळलं. आणि मनात चित्र उमटतं ते मुख्यतः त्या एकाचं; वाचणारे पुष्कळ जण तितके ठसठशीत दिसतच नाहीत. दुसऱ्या एका संशोधनात, २००७ मधल्या, एका उपाशी मुलीची गोष्ट सांगितली तर लोक जास्त पैसे देत, तिच्याच जोडीला लाखो उपाशी लोकांचे आकडे सांगितले तर कमी.

भाची म्हणाली, “मावशी, तुझी म्हातारी आणि तुझी माळावरची वस्ती हेच तर आहे.” मला बरं वाटलं, कारण ही खोड एकट्या माझी नव्हती. पण त्यानं माझं ओझं उतरलं नाही. डोळा असा चालतो हे कळल्यावर तर डोळा कुठे न्यायचा याची जबाबदारी वाढतेच.

पीक कापणी प्रयोगानं मला याबाबत जे शिकवलं ते सुरुवातीला फार जाचक वाटायचं. विम्यासाठी कुठल्या शेतात कापणी करायची ते आपण ठरवत नाही. गट नंबर यादृच्छिक आकड्यांवरून निघतो. शेतातही कोपऱ्यापासून लांबीकडे किती पावलं आणि रुंदीकडे किती, हे आकड्यानंच ठरतं. तिथं दोरी लावून ठरलेल्या मापाचा चौकोन आखायचा आणि त्यातलं पीक कापून, मळून, तोलायचं. मला वाटायचं, यात माणूस कुठं आहे? मग लक्षात आलं, हा नियम मला अशा शेतात नेतो जिथं मी आपणहून कधीच गेले नसते. माझ्या डोळ्याला जे दिसायचं राहिलं असतं ते तो दाखवतो.

मंडळ अधिकारी झाल्यावर एका वर्षी सोयाबीनच्या प्रयोगात दोरी नेमकी शेताच्या दाट पट्ट्यात पडली. भोवती चाळीस-पन्नास शेतकरी होते. विम्यात सबंध मंडळाची सरासरी धरतात, त्यामुळे या चौकोनातल्या दाण्यांवर त्या सगळ्यांच्या भरपाईचा भार होता. एक जण म्हणाला, “म्याडम, पाच पावलं तिकडं सरका. कुणाचं काय जातंय?” खरंच, कुणाचं जात होतं? समोर थकलेले चेहरे होते, दुसऱ्या बाजूला विमा कंपनी, जिला चेहरा नाही. मला सरकावंसं वाटलं. पण त्याच हंगामात दुसऱ्या गावात कंपनीच्या प्रतिनिधीनं मला दोरी विरळ पट्ट्यातून चांगल्याकडे सरकवायला सांगितलं होतं आणि मी ठाम नकार दिला होता. एकदा दोरी हलते हे मान्य केलं की ती ज्याचा जोर असेल त्याच्या बाजूला हलणार, आणि जोर नेहमी शेतकऱ्याचा नसतो. मी दोरी हलवली नाही. त्या वर्षी मंडळाला भरपाई कमी मिळाली. त्या दुपारचे चेहरे मला आठवतात आणि ते आठवणं मी टाळत नाही. बरोबर वागल्यावर मन शांत होतंच असं नाही.

भावना बाजूला ठेवून काम करा, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगत. मला ते कधी पटलं नाही. टोपी दिसली नसती तर मी नोटा घेतल्या असत्या. बहिणीचा चेहरा पाहिला नसता तर लेकींची वही सुरू केली नसती. भावना बाजूला ठेवून मी जे लिहिलं ते चावडीतले सात वेळा ४५. माझी चूक जीव कळवळल्यामुळे झाली नाही. ज्यांच्यासाठी कळवळायला हवा होता त्यांच्यापर्यंत मी गेले नाही म्हणून झाली.

ऑगस्ट १९४७ मध्ये गांधीजींनी एक ताईत दिला होता. काही ठरवताना मनात शंका आली तर आपण पाहिलेल्या सगळ्यात गरीब, सगळ्यात दुबळ्या माणसाचा चेहरा आठवावा आणि आपण करतोय त्यानं त्याचं काही भलं होईल का ते स्वतःला विचारावं. मुलाच्या पाठ्यपुस्तकात ते पान मी कितीतरी वेळा पाहिलं होतं. २०१४ नंतर वाचलं तेव्हा त्यातला ‘आठवावा’ हा भाग मला नव्यानं दिसला. जो समोर उभा आहे त्याचा चेहरा आठवावा लागत नाही. आठवावा लागतो तो जो इथं नाही, ज्याला चावडीपर्यंत यायला वाट नाही, त्याचा.

शेवटच्या वर्षांत पंचनामे मोबाइलवर आले. शेताचा फोटो काढायचा, त्यावर ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आणि वेळ आपोआप पडते. चावडीत बसून लिहायची सोय त्यानं मोडली, हे फार चांगलं झालं. पण सप्टेंबर २०२१ मध्ये मांजरेला पूर आला तेव्हा मी पाहिलं, की फोटोलाही चौकट असते. एका तरुण तलाठ्यानं वाहून गेलेल्या बांधाचा फोटो दाखवला. मी त्याला म्हटलं, “आता पाठ फिरव आणि मागचा काढ.” मागे पीक उभं होतं. दोन्ही फोटो जोडून त्यानं टक्केवारी लिहिली, आणि ती बरोबर होती.

निवृत्तीआधी चार्ज दिला तेव्हा दप्तराची यादी झाली, रजिस्टरं मोजली गेली, सह्या झाल्या. नियमात नसलेला एक कागद मी त्यात ठेवला. मंडळातल्या प्रत्येक गावापुढे मी त्यावर गट नंबर लिहिले होते: सडकेवरून न दिसणारी शेतं, ओढ्यापलीकडच्या वस्त्या, पावसात वाट बंद होणारे माळ. खाली लिहिलं होतं, ‘पंचनामा इथून सुरू करावा.’ नव्या साहेबांनी विचारलं, “सडकेकडून आत जाणं सोपं नाही का?” मी म्हटलं, “सडकेकडची माणसं तुमच्यापर्यंत येतीलच.” त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. पहिल्या ओळीत माळावरच्या त्या वस्तीचे सात गट नंबर होते.